एकतीस सेंटिमीटरचं टोपडं

"टोपडं मीच विणून आणीन," असं मी म्हणाले तेव्हा माझ्या हातात बटाटेवड्यांची दुसरी बशी होती. २४ नोव्हेंबर २०२४, रविवार. इंदूरच्या सुदामा नगरात वहिनीच्या माहेरी डोहाळजेवण चाललं होतं. वहिनीच्या मावशीनं सगळ्यांदेखत विचारलं, "मग आत्याबाई, बारशाला काय आणताय?" बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि कुंची-टोपडंही तिच्याकडूनच यायचं, हे आमच्याकडे धरूनच चालतात. सीतलामाता बाजारातून छानसं आणेन, एवढं म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता.

घरी येताना रिक्षात आई फक्त "तू?" म्हणाली.

तिचं काही चुकलं नव्हतं. मी डावखुरी. सहावीत शिवणाच्या बाईंनी उजव्या हातानंच विणायची सक्ती केली आणि माझा रुमाल 'असं करायचं नाही' म्हणून वर्गभर फिरवला. त्यानंतर त्रेचाळीस वर्षांची होईस्तोवर मी बटण लावण्यापलीकडे हातात सुई धरलेली नाही. एका टोपड्यावर एवढं लांबण लावतेय ते एवढ्यासाठी की, मला ज्या गोष्टी आधी कळायला हव्या होत्या त्या कुणी सांगितल्याच नाहीत. विणणाऱ्या बायकांच्या त्या इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्या सांगाव्या लागतात हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

डॉक्टरांनी तारीख दिली होती २ फेब्रुवारी. हाताशी दहा आठवडे. एवढ्यात लोक अख्खा स्वेटर करतात, असा माझा हिशेब.

आईच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात क्रोशाच्या चार स्टीलच्या सुया. तिच्या रुखवतातलं तोरण, टीव्हीवरचा रुमाल, देवघरातला पडदा, सगळं त्या सुयांवर झालेलं. "नवी सुई कशाला हवी?" असं तिनं म्हटल्यावर मी त्यातली सगळ्यात जाड सुई उचलली आणि घरात पडलेल्या लोकरीवर हात चालवायला बसले. लोकरीचा पीळ फाटायचा. अर्धे धागे सुईच्या आकड्यात, अर्धे बाहेर. दोन संध्याकाळी मी स्वतःच्या बोटांना बोल लावला. दोष सुईचा होता. त्या सुया बारीक सुती दोऱ्याच्या. त्यांच्यावरच्या आकड्यांचीही गंमत अशी की आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. लोकरीसाठी ॲल्युमिनियमची सुई लागते आणि तिच्यावरचा आकडा सरळ मिलिमीटरचा असतो. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, आईलासुद्धा. ती आयुष्यभर सुई डोळ्यांनी आणि अंगठ्यानं निवडत आली.

शनिवारी, ३० नोव्हेंबरला, अर्ध्या दिवसानं ऑफिसातून सुटले आणि राजवाड्यामागच्या गल्लीत लोकरीच्या दुकानात गेले. गाडी लावायला जागा शोधण्यात वीस मिनिटं गेली, ती इथं जमेस धरावीच लागतात. दुकानदार काकांनी विचारलं, "किसके लिए?" मी म्हटलं, नवजात बाळासाठी, टोपी. "पहली बार?" हेही त्यांनी ओळखलं. त्यांनी मऊ लोकरीचे दोन गुंडे काढले, पिवळे. मुलगा की मुलगी माहीत नव्हतं, तेव्हा पिवळ्यावर कुणाचं काही म्हणणं येणार नाही. सुई दिली ४ मिलिमीटरची. लोकर ९० रुपये, सुई ६०. निघताना त्यांनी दोन्ही गुंड्यांवरचे कागद समोरासमोर धरले आणि लॉट नंबर एकच आहे ना ते मला दाखवलं. लॉट वेगळा असला तर दुकानात रंग तोच वाटतो आणि उन्हात नेला की फरक कळतो. कागद फेकायचा नाही, त्यावर सुईचा नंबरही असतो. मी तो पर्समध्ये ठेवला, जीएसटीच्या पावत्यांच्या शेजारी. मी रिटर्न भरायचं काम करते. कागद जपून ठेवायचं मला सांगावं लागत नाही.

पहिला आठवडा नुसती साखळी, म्हणजे एका फासातून पुढचा फास ओढत जायचं. आई शेजारी सोफ्यावर बसून दाखवायची, "हे असं, मग असं, झालं." तिचा सुईचा हात उजवा, माझा डावा. तिचं चित्र डोक्यात उलटं करून घेईपर्यंत तिचे चार टाके होऊन जायचे. ती वैतागायची, मी त्याहून वैतागायची, आणि सहावीतला तो रुमाल उगाच आठवायचा. चौथ्या की पाचव्या दिवशी जेवणाच्या टेबलावर पोळ्या उरकल्यावर ती समोरच्या खुर्चीतच बसून दाखवायला लागली आणि एकदम उजेड पडला. समोरून बघितलं की तिचा हात माझ्या आरशातला हात होतो. आपण फक्त नक्कल करायची. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण डावखुऱ्या माणसानं शिकवणाऱ्याच्या शेजारी बसू नये, समोर बसावं. उजव्या हाताच्या माणसाची फेरी घड्याळाच्या उलट दिशेनं जाते, आपली घड्याळाबरोबर. टोपडं तेच होतं, काही बिघडत नाही.

आई ७४ वर्षांची आहे. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा काढायचाय. टाके तिला दिसत नाहीत. ती माझी साखळी चिमटीत धरून अंगठा पुढे सरकवायची, जपमाळ ओढतात तशी, आणि मध्येच थांबायची. "हा घट्ट झालाय. इथं कुणाचा फोन आला होता का?" आणि खरंच आलेला असायचा.

साखळी सारखी यायला लागल्यावर खांब, म्हणजे साखळीवर उभे राहणारे टाके. आईच्या भाषेत तीन प्रकार. मुका खांब सगळ्यात बुटका, अर्धा खांब मधला, आणि खांब उंच. टोपड्याला अर्धा खांब चांगला, कारण तो भरीवही होतो आणि भराभर वाढतोही. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, सुई टाक्यात घालून दोरा बाहेर ओढायचा, सुईवर तीन वळ दिसतात, त्या तिन्हींतून दोरा एकदम काढायचा. झाला अर्धा खांब. तीनाऐवजी दोन-दोन करून काढलं तर पूर्ण खांब होतो.

यूट्यूबवर गेले आणि सगळं पुन्हा विसरले. एक बाई 'डबल क्रोशे' म्हणून जे करत होती ते दुसरीच्या 'डबल क्रोशे'शी जुळेना. दोन दिवसांनी कळलं की ब्रिटिशांचं डबल म्हणजे अमेरिकनांचं सिंगल, आणि दोघांचीही नावं त्याच अक्षरांची. व्हिडिओ लावताना आधी बोलणारीचा देश बघा, किंवा नाव न ऐकता सुईवर किती वळ आहेत तेवढेच मोजा. मला आमचे खांब जास्त सोयीचे वाटले.

टोपडं डोक्याच्या मध्यापासून सुरू होतं. आई चार साखळ्या घेऊन जोडते आणि त्या कड्यात खांब भरते. तोरणाला ते शोभतं, पण मध्ये भोक राहतं. बाळाच्या टाळूवर भोक नको, म्हणून मी मॅजिक रिंग शिकले. दोऱ्याचा फास बोटावर घ्यायचा, त्यात अर्धे खांब भरायचे आणि मोकळं टोक ओढलं की फास मिटतो. आईनं मिटलेलं भोक अंगठ्यानं चाचपलं आणि "हे बरंय," म्हणाली. इतक्या दिवसांतली तिची ही पहिली शाबासकी.

पहिल्या फेरीत १० अर्धे खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे २०. तिसरीत एकात एक, पुढच्यात दोन, असं आलटून पालटून ३०. चौथीत दोन टाक्यांनंतर वाढ, ४०. पाचवीत तीन टाक्यांनंतर, ५०. सहावीत ६०. पुढे वाढ थांबवून सरळ फेऱ्या घालायच्या, म्हणजे चकतीच्या कडा खाली वळतात आणि भिंत उभी राहते. एवढंच आहे सगळं. वाचायला पाच ओळी. १५ डिसेंबरच्या रविवारी मी सकाळच्या पोह्यांनंतर बसले ती संध्याकाळच्या दिवाबत्तीपर्यंत, आणि हाताशी आली एक वाटी. चकती सपाट व्हायला हवी होती. मोजलं तर चौथ्या फेरीत ४० ऐवजी ३७ टाके. फेरी जोडताना शेवटचा टाका दर वेळी चुकत होता. तो जोडाच्या आड लपतो. उसवली. दुसऱ्या खेपेला त्या भीतीनं मी जोडालाच टाका समजून त्यातही खांब घातले, तर तळताना पापड वळतो तशी चकतीला झालर आली. वाटी झाली तर टाके कमी, झालर आली तर टाके जास्त. ही खूण पक्की आहे, आकडे नंतर मोजले तरी चालतात.

त्यानंतर मी ऑफिसचं शहाणपण वापरलं. फेरीच्या पहिल्या टाक्यात एक छोटी सेफ्टी पिन, आणि वहीत प्रत्येक फेरीची बेरीज. बेरीज जुळल्याशिवाय पुढची फेरी नाही. उसवायची लाज वाटायची, पण लोकर कापत नाही तोवर काहीच वाया जात नाही. वाया गेली असती ती माझी मेहनत, चुकीच्या चकतीवर भिंत चढवण्यात. कापलेले जे दोन-चार तुकडे निघाले ते सकाळच्या गाडीत सुक्या कचऱ्यात. इंदुरात लोकरीचा धागा ओल्यात टाकला तर शेजारची माणसंसुद्धा ओरडतात.

महिन्याच्या ११ आणि २० तारखेला आमच्याकडे रिटर्नची धावपळ असते, ते दिवस सोडून २९ डिसेंबरला टोपडं पूर्ण झालं. ६० टाके, वर सहा फेऱ्या, खाली दहा. मी ते उशीवर ठेवून फोटो काढला, पुण्याला दादाला पाठवला. त्यानं विचारलं, "चहादाणीचं आहे का?" मी टेप लावली. घेर ३९ सेंटिमीटर. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ असतो, आणि टोपडं त्याहून दोन-तीन सेंटिमीटर कमीच लागतं, कारण विण ताणते. व्हिडिओतल्या बाईचे ६० टाके ३३ सेंटिमीटरचे होते, माझे ६० टाके ३९ चे. माझा हात सैल. टाके सगळ्यांचे सारखे मोजता येतात पण सारख्या मापाचे नसतात, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. आई म्हणाली, "राहू दे, वाढेल की पोर." फेब्रुवारीला महिना होता. मी म्हटलं, निवांत दुसरं करू.

५ जानेवारीच्या पहाटे फोन आला. वहिनीला रात्रीतून दवाखान्यात नेलं होतं. सकाळी साडेसातला मुलगी. छत्तीस आठवडे पूर्ण, वजन २ किलो १०० ग्रॅम. श्वास जरा भरभर चालला होता म्हणून तिला नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात ठेवलं. दादा दुपारच्या विमानानं पोचला. त्या दिवशी टोपडं कुणाच्या डोक्यात नव्हतं. माझ्याही.

तिथले नियम लिहून ठेवते, कारण घाबरलेल्या माणसाला ते ऐकून लक्षात राहत नाहीत. बाळाच्या आईला कधीही आत जाता येतं. वडिलांना दिवसातून दोनदा. बाकीच्यांना संध्याकाळी ५ ते साडेपाच काचेतून, एका पासावर एकच माणूस, पास खालच्या खिडकीवर आधार कार्ड दाखवून. बाळाचं सामान काउंटरवर द्यायचं, रजिस्टरमध्ये खाट क्रमांक, वस्तू, नग आणि सही. मी ६ तारखेला गेले, ७ तारखेला माझी आई गेली. काचेतून बाळ दिसलं ते मुठीएवढं, आणि डोक्यावर दवाखान्याची एक पांढरी टोपी, तीसुद्धा भुवयांवर घसरलेली.

बुधवारी, ८ तारखेला, श्वास ठीक झाला आणि वहिनीला बाळ उराशी धरायला सांगितलं. कांगारू पद्धत. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, मोजे, टोपी. बाकी आईची कातडी आणि वरून शाल. लहानग्यांच्या अंगाच्या मानानं डोकं मोठं असतं, त्यामुळे ऊब डोक्यातून फार जाते, म्हणून टोपी उतरवायची नाही, असं तिथल्या सिस्टरनी वहिनीला बजावलं. वहिनीनं रात्री मला मेसेज केला, "आत्याबाई, तुमचं टोपडं कुठंय?"

९ तारखेला मी पिवळं टोपडं काउंटरवर नेलं. म्हटलं, मोठं आहे, पण दुमडून घालता येईल. सिस्टरनी ते हातात घेतलं, अंगठा आणि तर्जनीत चोळलं, आणि बोटं दिव्याकडे धरली. बोटांना पिवळा तंतूंचा पुंजका लागला होता. "ये रोएँ देखो. नाक में जाएँगे." मग टोपडं उलटं करून आतल्या बाजूची दोन टोकं ओढली. मी ती नुसती गाठ मारून सोडली होती. "और ये धागा उँगली में लिपट गया तो?" बाळाच्या बोटाला धागा गुंडाळला गेला तर रक्त अडतं आणि आपल्याला बाहेरून कळतही नाही. मला ते ऐकून पोटात गोळा आला. सिस्टर रागावल्या नव्हत्या. त्यांनी मला एका कागदाच्या पाठीवर लिहून दिलं: सुती, बटण नाही, मणी नाही, गोंडा नाही, बंद नाही, धुऊन, उन्हात वाळवून, पिशवीत.

मी जाता जाता एकच शहाणपणाची गोष्ट केली. दादाला बाळाची फाइल बघायला लावली. जन्मल्यावर वजन आणि लांबीबरोबर डोक्याचा घेरही लिहितात. ३१ सेंटिमीटर. घरी बाळ असेल तर टेप भुवयांच्या जरा वर, कानांच्या वरून, मागच्या बाजूला डोकं सर्वांत जास्त बाहेर आलेलं असतं तिथून फिरवायची. पण फाइलमध्ये आकडा आयता मिळतो आणि तो मागायला कुणी हरकत घेत नाही.

परत त्याच दुकानात. सुती दोरा ५० ग्रॅम, मोतिया रंगाचा, १३० रुपये. साडेतीन मिलिमीटरची सुई ६०, टोकं आत ओवायला मोठ्या नेढ्याची बोथट सुई १०. काकांनी विचारलं, "आ गया?" आणि सुट्टे परत देताना दहाची नोट वर ठेवली. मी ती घेतली नाही, त्यांनी ती परत घेतली नाही, शेवटी ती नोट वहीत गेली.

या खेपेला मी आधी नमुना विणला. पूर्वी प्रत्येक ठिकाणी 'नमुना विणून बघा' वाचून मी ती ओळ ओलांडून गेले होते. हाताएवढा चौकोन, आणि त्यात १० सेंटिमीटरला टाके किती ते मोजायचं. माझे आले १८. डोकं ३१, टोपडं २८ हवं. २८ सेंटिमीटरला टाके होतात पन्नास आणि थोडे. म्हणजे पाचव्या फेरीलाच थांबायचं, सहावी घालायचीच नाही. चकतीची रुंदी घेराला ७ ने गुणून २२ ने भागलं की मिळते. २८ साठी नऊ सेंटिमीटर. पाच फेऱ्या झाल्यावर चकतीवर टेप ठेवली, नऊ. शाळेत शिकलेल्या बावीस सप्तमांशाचा मला आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला आणि तो सांगायला रात्री बारा वाजता घरात कुणी जागं नव्हतं.

शुक्रवारी १० तारखेला ऑफिसातून येताना वाटलं, घालून बघायला डोकं हवं. आमच्या कोपऱ्यावर पूजेच्या सामानाचं दुकान आहे. मी टेप काढून नारळ मोजायला लागले. पहिला ३५, दुसरा ३४, तिसरा साडेतेहेतीस. दुकानातला मुलगा बघत होता. "दीदी, नारियल कान से लगा के लेते हैं, नाप के नहीं." त्याला कारण सांगितल्यावर तोच ढिगाऱ्यात हात घालून लहान लहान काढायला लागला. सातवा नारळ बरोबर ३१. शेंडी काढून घेतली. २५ रुपये, हे टोपड्याच्या खर्चात धरायचे की नाहीत यावर आमच्या घरात दुमत आहे.

११ तारखेला रिटर्नची धावपळ, रात्री साडेआठला घरी. जेवण उभ्यानं. मग नारळ मांडीवर आणि सुई हातात. भिंतीच्या आठ फेऱ्या, प्रत्येकी ५० टाके, पिन सरकवत. दोन फेऱ्या झाल्या की नारळावर चढवून बघायचं. पाचव्या फेरीत ४९ भरले. उसवली. दीड वाजता शेवटच्या दोन फेऱ्या मुक्या खांबाच्या घातल्या, म्हणजे काठ बसतो आणि कपाळावर वळत नाही. आई पाणी प्यायला उठली होती. तिनं दिवा न लावताच नारळावरचं टोपडं चाचपलं आणि म्हणाली, "बंद?"

बंदांवरून आमचं खरं भांडण झालं. टोपडं म्हणजे हनुवटीखाली बंद बांधायचे, नाहीतर ती टोपी झाली, टोपडं नव्हे. दादाला होते, मला होते, आईला स्वतःला होते. मी सिस्टरचा कागद दाखवला. "तुम्ही दोघं काय गळफास लागून मेलात का?" याला उत्तर नाही. मी फक्त बंद लावले नाहीत. ती पहाटेपर्यंत कूस बदलत होती, मला ऐकू येत होतं.

रविवारी १२ ला सकाळी टोकं ओवली. टोक एकाच दिशेनं ओवलं तर ओढल्यावर सुटतं. चार-पाच टाक्यांतून पुढे न्यायचं, उलटं फिरवून परत आणायचं, पुन्हा एकदा पुढे, आणि मगच कापायचं. मग साबणाच्या कोमट पाण्यात धुतलं, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलं, पिळलं नाही, गच्चीवर सपाट वाळत घातलं. सुती दोरा धुतल्यावर थोडा आटतो. वाळल्यावर पुन्हा मोजलं, साडेसत्तावीस. चाललं. पाच वाजता काउंटरवर. सिस्टर वेगळ्या होत्या. त्यांनीही चोळलं, उलटं केलं, टोकं शोधली, सापडली नाहीत. रजिस्टरमध्ये लिहिलं: टोपी, सूती, १ नग. मी सही केली. डाव्या हातानं.

रात्री वहिनीनं फोटो पाठवला. फोटोत वहिनीच्या शालीची कड, तिच्या गळ्याखाली मोतिया रंगाचा एक गोल, आणि त्यातून बाहेर आलेलं एक नाक. बाकी काही दिसत नाही. आईनं तो मोठा करून बघितला आणि फक्त एवढंच म्हणाली, "घसरत नाहीये."

१४ जानेवारीला, संक्रांतीच्या दुपारी, बाळ घरी आलं. वजन अजून जन्माच्या वजनाला टेकायचं होतं, पण दूध ओढत होती. सुट्टीच्या कागदांसाठी दादा चार खिडक्या फिरला. जन्माच्या नोंदीचा अर्ज तिथूनच गेला. २१ दिवसांत केली तर ती नोंद फुकट होते, आणि नाव ठरलं नसेल तर नंतर घालता येतं, म्हणून त्यासाठी बारशाची घाई करू नका. आम्ही बारसं पुढे ढकललं आणि २ फेब्रुवारीला केलं, म्हणजे मूळच्या तारखेलाच. बाराव्या दिवसाचा आग्रह कुणी धरला नाही, आईनंसुद्धा. तिनं तिच्या डब्याखालून दादाची खणाची कुंची काढली, बंदांसकट, पाळण्यात दहा मिनिटं बाळाला घातली, फोटो काढले आणि मग स्वतःच सोडून माझं टोपडं चढवलं. नारळ वहिनीच्या ओटीत गेला.

डॉक्टरांनी सांगितलं की घरी खोली उबदार असेल तर झोपताना टोपडं काढा, बाळ तापतं, आणि ऊब बघायची तर छातीवर हात ठेवून, हातापायांवर नाही. फेब्रुवारीच्या शेवटी ते टोपडं डोक्यावर चढेना. एकूण खर्च ३५० रुपये, नारळ वगळून. पन्नास ग्रॅम दोऱ्यातला निम्माही लागला नाही.

गुढीपाडव्याला सगळे आमच्याकडे लोकमान्य नगरात होते. मी सहज टेप लावली. बाळाच्या डोक्याचा घेर ३८. पिवळं टोपडं कपाटातून काढून घातलं, जरा सैलच, पण डोक्यावर राहिलं. पण बाहेर ऊन रणरणत होतं, पंखा पाचावर, आणि पोरगी घामेजून रडायला लागली. काढलं. आई म्हणाली, "उसव. पुढच्या थंडीला माप घेऊन कर." सिस्टरनी दाखवल्यावर मी त्याचीही टोकं पुन्हा नीट ओवली होती. आई चष्मा लावून, मग चष्मा काढून, मग अंगठ्यानं काठ चाचपत दहा मिनिटं बसली.

"टोक कुठंय गं?"